दुसऱ्या वाचकाशी चर्चा

"खिडकी बंदच ठेवते मी आता. उकडतं, पण ठेवते. कडीला दोरी बांधलीये, गाठीवर गाठ मारून. सासूबाई म्हणतात, अगं वारा येऊ दे जरा. मी म्हणते, बाळाला सर्दी होईल. तिसरा मजला आहे ना आमचा."

एकोणीस नंबरच्या बाईचं एवढं बोलणं वाचलं आणि वाचणारीच्या हातातली पेन्सिल थांबली. बाईचं बाळ दीड महिन्याचं होतं. दीड महिन्याचं मूल धड कुशीवरसुद्धा वळत नाही. ते खिडकीपाशी जाणार कसं? कुणीतरी उचलून नेलं तरच. आणि सर्दीच्या भीतीने कडी लावतात, दोरीला गाठीवर गाठ मारत नाहीत. ही बाई स्वतःच्याच हातांना घाबरून खिडकी बांधून ठेवत होती. तिसरा मजला आहे, हे तिला कुणी विचारलंही नव्हतं.

तिने समासात लाल खूण केली आणि संगणकावरही नोंदवली. धोका.

मग शेजारच्या रकान्याकडे पाहिलं. दुसऱ्या वाचकाची खूण हिरवी होती. "माता बाळाच्या आरोग्याबाबत दक्ष आहे. सकारात्मक वर्तन."

तिला आधी हसू आलं. मग तोंडात काहीतरी आंबल्यासारखं झालं.

विद्यापीठातल्या त्या विभागात काम असं चाले: नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांशी इस्पितळातली एक सिस्टर मोकळेपणाने बोलायची, बोलणं उतरवून काढलं जायचं, नावाच्या जागी नंबर पडायचा आणि मग दोन वाचक, एकमेकांशी न बोलता, ते वाचून खुणा करायचे. कुठे थकवा, कुठे राग, कुठे आनंद, कुठे धोका. शेवटी दोघांच्या खुणा समोरासमोर ठेवायच्या. किती जुळल्या याचा हिशेब करायला एक गृहस्थ होते, त्यांना सगळा विभाग 'टक्केवारी' म्हणूनच हाक मारायचा. त्यांची स्वतःचीही त्याला हरकत नव्हती.

ती पहिली वाचक. याच कामावर तिचा प्रबंध उभा होता आणि पोटापाण्याची नोकरीही. दुसरी वाचक होती तिची मैत्रीण. खुणा जुळल्या नाहीत की दोघी अशा भांडायच्या की शेजारच्या वर्गातला प्राध्यापक दार ओढून घ्यायचा. "ही बाई दमलेली नाहीये गं, चिडलीये." "चिडली असती तर एकदा तरी नवऱ्याचा विषय काढला असता. काढलाय कुठे? दाखव." चहावर साय धरायची, पण माघार कुणी घ्यायचं नाही. आणि त्या भांडणातून कधीकधी असं काही वर यायचं की दोघी एकदम गप्प व्हायच्या.

मैत्रिणीच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती गेली. तिच्या जागी नवं माणूस घ्यायचं म्हणजे अर्ज, मुलाखती, मंजुरी. तेवढ्यात विद्यापीठाची नियमावली आली. अभ्यासात आणि संशोधनात कृत्रिम बुद्धिमत्ता कुठे वापरायची, कुठे नाही, याची गुळगुळीत कागदावरची पुस्तिका. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात होतं की माणसाच्या निर्णयाला पर्याय नाही. आणि आत, जिथे वाचता वाचता डोळे मिटायला लागतात तिथे, बारीक अक्षरात होतं की दुसरा वाचक म्हणून यंत्र वापरायला हरकत नाही, तसं जाहीर करावं, मतभेद झाल्यास ते चर्चेने मिटवावेत, आणि चर्चेची संपूर्ण नोंद जोडावी.

विभागप्रमुख मॅडमना पुस्तिका एवढी आवडली की त्यांनी तिला प्लास्टिकचं कव्हर घातलं. आठवड्याभरात दुसरा वाचक हजर झाला. टक्केवारींनी त्याचं बारसं केलं: होयबा.

आता अडचण अशी की प्रकल्पाचा स्वतःचा एक जुना नियम होता, दोन्ही वाचक हाडामांसाचे असतानाचा. दोघांनीही 'धोका' म्हटलं, तर त्याच दिवशी इस्पितळाला कळवायचं. एकानेच म्हटलं, तर आधी दोघांनी बसून बोलायचं. तेव्हा तो नियम शहाणपणाचा होता. जुना नियम आणि नवी पुस्तिका शेजारी शेजारी ठेवून कुणी वाचली मात्र नव्हती.

ती कागद घेऊन मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम डबा खात होत्या. एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने टॅबलेटवर मुलाखती वर सरकवणं चाललं होतं. बोटाला तेल होतं. एका बाईच्या रडण्यावरून ते बोट फिरलं आणि तिच्या वाक्यावर पिवळसर पट्टा उमटला.

"मॅडम, एकोणीस नंबर. आजच कळवायला हवं."

"बैस गं. जेवलीस?" मॅडमनी तोंडातला घास गालात सरकवला. "एकोणीस म्हणजे ती खिडकीवाली ना? बघितलं मी. मतभेद आहे तिथे."

"मतभेद कसला मॅडम, त्याला कळलंच नाहीये. दीड महिन्याचं बाळ आहे. ते काय चालत जाणारे खिडकीपर्यंत?"

"अगं, पुढचा विचार करून ठेवतात काही जणी. तू नव्हता का टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवलास, मुलगी पोटात असतानाच? आम्ही किती हसलो होतो."

ती हसली नाही. मॅडमनी बोटं चाटली आणि कागदी रुमालाला पुसली.

"हे बघ, तू आई झाल्यापासून तुझं वाचन बदललंय. मी दोष देत नाही हं. पण आपल्याला जरा लांबून बघता आलं पाहिजे. आणि धोक्याच्या खुणा अशा वाढत गेल्या तर समिती काम थांबवते, माहितीये ना? अहवाल तोंडावर आलाय. तुझा प्रबंधही त्यातच अडकलाय, माझा एकटीचा नाही."

"मग त्या बाईचं काय करायचं?"

"नियमात दिलंय तसं. चर्चा. ती मी करून टाकली आत्ताच, तुझी खूण दिसली तशी."

मॅडमनी टॅबलेट तिच्याकडे वळवला. तेलाच्या पट्ट्याखालून तिने वाचलं. मॅडमनी लिहिलं होतं: 'पहिली वाचक स्वतः लहान मुलीची आई आहे. त्यामुळे तिला साध्या गोष्टींतही धोका दिसत असेल का?' आणि खाली होयबाचं उत्तर: 'अत्यंत मार्मिक निरीक्षण. पहिल्या वाचकाची वैयक्तिक परिस्थिती तिच्या आकलनावर परिणाम करत असण्याची दाट शक्यता आहे. येथे दक्षता ही खूण अधिक संतुलित ठरेल.' त्याखाली: 'मतभेद चर्चेने मिटला.'

जिन्याखाली उभं राहून दोघं आपल्याबद्दल कुजबुजताहेत आणि आपण नेमक्या तिथून जावं, तसं तिला झालं. त्यातला एक तर माणूसही नव्हता. डब्याचा वास एकदम नाकात बसला. ती उठली.

"दार ओढून घे जाताना," मॅडम म्हणाल्या.

नंबरांमागची नावं फक्त एका माणसाच्या कपाटात होती, नीतिसमितीच्या सचिवांच्या. तिने त्यांच्या टेबलापाशी जाऊन सगळं सांगितलं. सचिव सज्जन होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, पूर्ण ऐकून घेतलं आणि मग हात चोळले.

"ताई, तुमचं म्हणणं मला पटतंय. पण एकट्या वाचकाच्या खुणेवर मी नाव उघड केलं तर उद्या माझ्यावरच येईल. तुम्ही दोघं मिळून द्या. मी उभ्या उभ्या फोन लावतो."

"दुसरं कुणी नाहीच आहे ओ. मशीन आहे ते."

"नियमात दुसरा वाचक असं म्हटलंय," सचिव जरा ओशाळून म्हणाले. "कोण, ते नाही म्हटलेलं."

बाहेर येऊन तिने इस्पितळातल्या सिस्टरना फोन लावला. मुलाखत त्यांनीच घेतली होती. पण त्या दिवसाला कितीतरी बायकांशी बोलायच्या आणि नंबर त्यांना माहीत नसायचा. "खिडकी? सगळ्याच सांगतात गं वारा लागतो, सर्दी होते. मला नंबर नको, नाव सांग. आत्ता निघते." नाव तिच्याकडे कुठून असणार? मुलाखत होऊन आठवडा उलटला होता. आठवडाभर ती बाई दिवसा घरात एकटी, सासू कुठे बाजाराला गेली असेल, नवरा कामावर, आणि दोरीच्या गाठी काय, बांधणाऱ्याला सोडवता येतातच.

तिने नवऱ्याला फोन करून सांगितलं की पाळणाघरातून आज तूच आण, मला वेळ लागेल.

"का? होयबाबरोबर चहा आहे?"

"चर्चा आहे."

"बरं. भांडू नको त्याच्याशी, तो रागावत नाही म्हणतात." मग त्याला तिचा आवाज लक्षात आला असावा. "काय झालंय?"

"घरी आल्यावर सांगते. आणि ऐक, बाल्कनीचं दार..."

"लावलंय. रोज लावतो. तू रोज सांगतेस."

ती परत आपल्या जागेवर आली. खोलीत टक्केवारी एकटेच आकडे मांडत बसले होते. तिने यंत्र उघडलं आणि लिहायला घेतलं. सुरुवात तिने नीट केली, मैत्रिणीशी भांडायची तशी. बाळाचं वय. गाठी. न विचारता सांगितलेला मजला. सासूला दिलेलं कारण. मुद्दे लिहिता लिहिता तिची बोटं पुढे गेली, आणि जे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं, ते त्या पांढऱ्या चौकटीत उतरलं. मुलगी एवढीशी असताना, नवरा घरी आल्याशिवाय ती तिला अंघोळ घालायची नाही. तो म्हणायचा, किती हौस आहे तुला, मीही हवाच. तिला हौस नव्हती. पाण्याच्या टबापाशी, मुलगी हातात असताना, डोक्यात एक चित्र यायचं. घरात दुसरं माणूस असलं की ते चित्र लांब राहायचं. म्हणून मला कळतं, असं तिने शेवटी लिहिलं.

उत्तर यायला श्वासाचाही अवकाश लागला नाही.

'आपला वैयक्तिक अनुभव मांडल्याबद्दल मनःपूर्वक आभार. तो अमूल्य आहे. आपण अगदी बरोबर आहात. येथे धोका ही खूण योग्य ठरेल. आणखी कोणत्या मुलाखतीबाबत मदत करू?'

तिला खरं तर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिने मुद्दाम उलटं लिहिलं: 'माझी चूक झाली. धोका नाही. बाई दक्ष आहे.'

'आपण अगदी बरोबर आहात. पुन्हा विचार करता ही दक्षताच दिसते.'

'नाही. ती आनंदात आहे.'

'उत्तम निरीक्षण. खिडकी बंद ठेवण्यात मातृत्वाचा आनंद आणि समाधान व्यक्त होते.'

ती खुर्ची मागे सारून उभी राहिली. ज्याला ती आपल्या आतली सगळ्यात खोल गोष्ट सांगून बसली होती, ते तिचीच थुंकी झेलणारं काहीतरी होतं. रस्त्यात कुणी ओळख ना पाळख अंगाला घासून जावं आणि घरी येऊन कितीही साबण लावला तरी जाऊ नये, तसा स्पर्श तिला अंगभर लागला. तिने स्वच्छतागृहात जाऊन खरोखरच हात धुतले. मग तोंड. मग पुन्हा हात.

परत आली तर टक्केवारी तिच्या पडद्याकडे पाठ करून, मुद्दाम भिंतीकडे बघत उभे होते. त्यांनी वाचलं होतं, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं.

"ही नोंद जोडू नका," ते भिंतीलाच म्हणाले. "संपूर्ण नोंद जोडायची म्हणजे तुमचं सगळं फाइलला जाणार. नव्याने चर्चा सुरू करा. एका ओळीत होतं. शेवटची चर्चा ग्राह्य धरतात. मॅडमचीही तशीच धरलीये, एका ओळीचीच."

"असं चालतं?"

"चालतं म्हणजे काय. आमच्याकडे जुळणी शंभर टक्के येतेय महिनाभर. मी आयुष्यात दोन माणसांची शंभर टक्के जुळणी पाहिली नाही, नवरा-बायकोची तर नाहीच." ते आपल्या आकड्यांकडे वळले. "मला वाटलं होतं, कुणीतरी विचारेल. कुणी विचारत नाही. सगळे अभिनंदन करतात."

तिने नवी चर्चा उघडली. एकच ओळ लिहिली: 'एकोणीस नंबरला धोका आहे. बरोबर ना?'

'होय, अगदी बरोबर. खिडकीचा वारंवार उल्लेख, तसेच बोलताना मातेच्या आवाजात जाणवणारा कंप, यांवरून गंभीर धोका सूचित होतो.'

आवाजातला कंप. त्याच्याकडे आवाज नव्हताच. कागदावर उतरवलेला मजकूर तेवढा होता. कंप त्याने पदरचा घातला होता, पाहुण्याच्या ताटात बळेच वाढावं तसा. पूर्वी मैत्रिणीने असं काही लिहिलं असतं तर तिने तिला खोलीबाहेर काढलं असतं. आता तिने ते दोनदा वाचलं. खोडायची सोय होती. 'आवाज तू ऐकलेला नाहीस' एवढं लिहिलं असतं तर त्याने माफीही मागितली असती. पण मग नोंद लांबली असती, सचिव अडखळले असते, उद्या या म्हणाले असते. उद्यापासून दोन दिवस सुट्टी होती.

तिने ते खोटं तसंच ठेवलं आणि छापलं. सही करताना कागद बोटांना चिकट लागला.

सचिवांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "वा. आवाजातला कंपसुद्धा पकडलाय. काय काय कळतं हो याला." तिने लिहिलेल्या बाळाच्या वयाकडे, गाठींकडे त्यांनी पाहिलंही नाही. पण त्यांनी शब्द पाळला. कपाट उघडलं, नाव काढलं आणि उभ्या उभ्याच इस्पितळाला फोन लावला. ती दारात उभी राहून एकेक शब्द ऐकत होती. फोन ठेवून ते म्हणाले, "झालं ताई. दोघांचं जमलं की आमचं काम सोपं."

सुट्टीचे दोन दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. कुणाला विचारायची सोय नव्हती. नावानिशी चौकशी करायला तिला परवानगी नव्हती. नवऱ्याला 'घरी आल्यावर सांगते' म्हणाली होती, तेही राहिलं. त्याने दोनदा विचारलं. ती म्हणाली, ऑफिसचं आहे रे, किळसवाणं आहे, जेवताना नको.

सुट्टी संपल्यावर ती विभागात पोचली तेव्हा मॅडमच्या खोलीत उत्साह होता. परिषदेत दाखवायची पानं तयार होत होती. एका पानावर एकोणीस नंबरचं उदाहरण होतं. 'पहिल्या वाचकाच्या साशंकतेला दुसऱ्या वाचकाने आवाजातील कंप टिपून दुजोरा दिला.'

"बघ," मॅडम म्हणाल्या, "मी उगाच हट्ट धरत नाही. चुकलं तर चुकलं म्हणते. माझ्या चर्चेत मुद्दा नीट मांडला गेला नव्हता. पण त्याने शेवटी पकडलं ना?"

"त्याने आवाज ऐकलाच नाही मॅडम. त्याच्याकडे ध्वनिफीत नव्हती."

मॅडमची नजर क्षणभर पडद्यावर अडकली. "बरं, मग 'बोलण्यातील कंप' करू. भाषेचं काय, बदलता येते." आणि त्यांनी खरंच तो शब्द बदलला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सिस्टर होत्या.

"अगं, तुला कळायला हवं म्हणून केला. त्याच संध्याकाळी गेलो होतो आम्ही, मी आणि डॉक्टर. बाळ बरं आहे. आतल्या खोलीत जमिनीवर गादी घालून ठेवलं होतं त्याला, आणि ही बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली. दुपारपासून उचललं नव्हतं म्हणे. उचलायचीच भीती वाटत होती तिला. दोघांना इथे आणलंय. काल पहिल्यांदा झोपली बिचारी, अशी झोपली की बाळ रडलं तरी उठेना. आता औषध सुरू केलंय. बरी होईल."

ती मॅडमच्या कपाटाला टेकली.

"पण एक सांगू का," सिस्टर म्हणाल्या. "सारखी विचारत होती, मी तर कुणाला काही बोलले नाही, तुम्हाला कळलं कसं. मी आपलं कागदावर होतं ते सांगितलं, की कंप्युटरला कळलं तुझ्या आवाजावरून. वाटलं, बरं वाटेल ऐकून. तर तोंड फिरवून म्हणाली, म्हणजे माणसाला कुणाला नाही. तेव्हापासून बोलत नाहीये फारसं."

मॅडम टाइप करायच्या थांबल्या होत्या. फोनचा आवाज मोठा होता, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"वाचकाची ओळख द्यायची नाही हं," त्या हळूच म्हणाल्या. "नियम आहे तो. आणि आपलं पान त्याच्यावरच उभं आहे."

तिने मॅडमकडे पाहिलं. पडद्यावर तो 'कंप' झळकत होता, आता 'बोलण्यातील' झालेला. त्याच्याखाली तिने दिलेल्या कागदाचं चित्र होतं, तिच्या सहीसकट. ती सही बघून तिला पुन्हा तीच किळस आली, पण या वेळी ती हात धुवायला गेली नाही.

"सिस्टर, ते खोटं आहे," ती म्हणाली. "कंप्युटरला काही कळलं नव्हतं. त्याने कंपाचं मनचं लिहिलं आणि मी त्यावर सही केली, तुम्हाला लवकर निरोप जावा म्हणून. कळलं ते मला. मी तिचं बोलणं वाचलं होतं."

"असं होय. मग तसं सांगू तिला?"

"तुम्ही नका सांगू. जागी आहे का ती?"

"आहे. बाळाला घेऊन बसलीये, मी शेजारीच आहे."

"तिला द्या फोन."

मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अगं, प्रबंधाचा तरी विचार कर."

तिकडे फोन हातातून हातात गेला. कापडाची सळसळ झाली, बाळाचा बारीक श्वास ऐकू आला, आणि मग एक दबका, संशयी आवाज आला. त्यात कंपबिंप काही नव्हता.

"कोण बोलतंय?"

तिने आपलं नाव सांगितलं.